ओल, ठसा आणि रंग : हस्तनिर्मित वह्यांच्या चर्मवेष्टनाची प्रक्रिया आणि मुंबईच्या संदर्भात तिचा विचार

प्रस्तावना

मुंबईतील मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना अक्षरांचे खिळे, शाई, कागद, संपादक व प्रकाशक यांची नोंद तपशिलाने घेतली जाते. पुस्तकाच्या पाठीवर चढविलेले कातडे मात्र त्या इतिहासात क्वचितच डोकावते. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले, जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, पुढे गिरगावातील खटाववाडीत ‘मौज’सारखी संस्था उभी राहिली, हे सर्व अभ्यासकांना ठाऊक आहे. परंतु छापलेले फर्मे शिवून त्यांना पुठ्ठा आणि कातडे चढविणाऱ्या बाइंडरापाशी ते कातडे कोठून येत होते, ते कशात कमावलेले होते आणि त्यावर दाबलेला ठसा का टिकत होता, हे प्रश्न विचारले गेलेले नाहीत.

हे प्रश्न केवळ जुन्या ग्रंथांपुरते मर्यादित नाहीत. हाताने शिवलेल्या, कातडी वेष्टनाच्या वह्यांविषयी गेल्या काही वर्षांत पुन्हा आवड निर्माण झाली आहे. अशा वह्या करू पाहणाऱ्या कारागिराला पहिली अडचण येते ती अशी : धारावीच्या बाजारातून उत्तम, मऊ, चकचकीत कातडे आणले, ते ओले केले, त्यावर पितळी ठसा दाबला, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो ठसा जवळजवळ पुसला गेलेला. दोष हाताचा आहे असे समजून तो अधिक जोर लावतो, आणि तरीही फळ तेच मिळते. वस्तुतः दोष हाताचा नसून कातडे कमावण्याच्या रीतीचा असतो. प्रस्तुत लेखात कातडे भिजविणे, त्यावर ठसे व रेषा उठविणे आणि ते रंगविणे या तीन क्रियांचे स्पष्टीकरण या मूळ कारणापासून आरंभ करून केले आहे, आणि वेष्टनाचे आयुष्य कशावर ठरते याचाही विचार केला आहे.

पोथी, रुमाल आणि कातडी बांधणी

महाराष्ट्रात लिखिताला कातड्याचे वेष्टन घालण्याची रीत सार्वत्रिक नव्हती. पोथीची सुटी पाने दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून ती कापडात बांधली जात. दप्तराचे कागद रुमालात बांधले जात, आणि म्हणूनच पेशवे दप्तराची मोजणी आजही ‘रुमालां’मध्ये केली जाते. इस्लामी परंपरेतील ग्रंथांना मात्र कातड्याची, ठसे दाबलेली बांधणी असे. दख्खनमधील सुलतानी राजवटींमुळे ती या प्रदेशाला परिचित होती. धार्मिक ग्रंथाला जनावराच्या कातड्याचा स्पर्श होऊ नये ही भावना या भेदामागे होती. छापील पुस्तकाविषयीही प्रारंभी असाच संकोच होता. शाईत चरबी असते या समजुतीने सोवळे लोक छापील कागदाला शिवत नसत, आणि गणपत कृष्णाजींनी त्यासाठी तुपाची शाई वापरली असे सांगितले जाते.

या संकोचाची दुसरी बाजू म्हणजे श्रमाची विभागणी. मराठी मुलखात कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि कमावलेल्या कातड्यापासून वहाणा, मोटा, पखाली करण्याचे काम चांभार समाजाकडे होते. पुस्तक बांधणारा बाइंडर या दोघांहून वेगळा. त्यामुळे ज्याला कातड्याची जात कळत होती त्याच्या हाती पुस्तक नव्हते आणि ज्याच्या हाती पुस्तक होते त्याला कातडे तयार स्वरूपातच दिसत होते. मराठी लेखनाने या विषयाला हात घातला तोही बहुधा ‘चर्म’ हा संस्कृत शब्द पुढे करून. ‘कातडे’ हा रोजच्या व्यवहारातील शब्द विद्वत्तेच्या दारात उभा राहिला. रापी, आरी, मोगरी, साल, कमाई हे या धंद्याचे नेमके शब्द आहेत आणि प्रक्रिया समजण्यास तेच अधिक उपयोगी पडतात.

कमावण्याच्या दोन रीती

कच्च्या कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन हे प्रथिन होय. त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतून जाळे बनते. ते ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर शिंगासारखे कडक होते. कमावणे म्हणजे या तंतूंना दुसऱ्या एखाद्या द्रव्याशी असे बांधणे, की ते कुजू नयेत आणि वाळल्यावरही लवचीक राहावेत.

जुनी रीत वनस्पतींची. बाभळीची साल, हिरड्याची फळे, तरवडाची साल यांतील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, पाण्यात उतरवून त्यात कातडे आठवडेच्या आठवडे ठेवले जाते. कोल्हापुरी चपलांचे कातडे बाभूळ व हिरडा यांत कमावले जाते. कातडे पिशवीसारखे शिवून त्यात सालीचा काढा भरून टांगून ठेवण्याची पद्धत त्या भागात रूढ होती. टॅनिनचे मोठे रेणू तंतूंच्या मधल्या पोकळीत शिरून बसतात. त्यामुळे कातडे भरदार, घट्ट आणि काहीसे मातीसारखे घडण्याजोगे होते.

दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिद्ध झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रास येथे तिचे प्रयोग सुरू केले. आठवड्यांचे काम ती एकदोन दिवसांत उरकते. क्रोमियम तंतूंना आडवे टाके घातल्याप्रमाणे बांधते, पण मधली पोकळी भरत नाही. म्हणून क्रोम कातडे हलके, मऊ व स्पंजासारखे उसळणारे असते. बूट, पर्स, जाकीट यांना हा गुण हवाच असतो. ठशाच्या कामाला मात्र तोच गुण मारक ठरतो, कारण दाब काढताच तंतू आपल्या जागी परततात. आज बाजारात मिळणारे बहुसंख्य कातडे क्रोमचे असते.

दोन्ही कातडी ओळखण्याच्या सोप्या कसोट्या आहेत. छाटलेल्या कडेकडे पाहावे. वनस्पतीच्या कमाईची कड आतपर्यंत बदामी किंवा तांबूस असते, तर क्रोमची निळसर वा करडी, वरून कितीही रंग दिलेला असो. पाण्याचा थेंब टाकला की पहिले लगेच गडद होते, दुसऱ्यावर थेंब बराच वेळ उभा राहतो. सर्वांत निश्चित कसोटी उकळत्या पाण्याची : नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात टाकला तर वनस्पतीचे कातडे आकसून वेडेवाकडे होते, कारण त्याची आकसण्याची मर्यादा साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअस असते. पूर्ण क्रोमचे कातडे त्या पाण्यात बहुधा जसेच्या तसे राहते. मिश्र कमाईचे कातडेही मिळते. ते या कसोट्यांना अर्धवट उत्तरे देते, आणि ठशालाही तसेच.

भिजविणे

तिन्ही क्रियांत सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत निर्णायक क्रिया हीच. कोरड्या कातड्यात टॅनिन व तंतू एकमेकांना दुबळ्या पण असंख्य बंधांनी धरून असतात. पाणी या बंधांच्या मध्ये शिरते, तंतू एकमेकांवरून सरकू शकतात, आणि दाबलेल्या जागी ते घट्ट बसतात. पाणी निघून गेले की नव्या जागी नवे बंध जुळतात. ठसा टिकतो तो या कारणाने. पाणी कमी असेल तर तंतू सरकत नाहीत आणि ठसा उथळ राहतो. पाणी अधिक असेल तर तंतूंमधील पोकळी पाण्यानेच भरलेली असते, आणि दाबलेले कातडे बाजूला फुगून रेषा बोजड होते.

म्हणून कातडे भिजवून लगेच कामाला घेऊ नये. स्पंजाने दोन्ही बाजूंना सारखे पाणी लावून ते मेणकापडात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून काही तास, जाड असल्यास रात्रभर, ठेवावे. या अवधीत ओल पृष्ठभागावरून आत समान पसरते. मग ते उघडे ठेवून वाट पाहावी. गडद झालेला पृष्ठभाग हळूहळू मूळ रंगावर येऊ लागतो, पण गालाला लावला तर गार लागतो. तो क्षण कामाचा. पृष्ठभाग जवळजवळ कोरडा आणि गाभा ओला अशी ही अवस्था असते. मुंबईत ती किती वेळात येईल हे ऋतूवर अवलंबून आहे. वैशाखात पंख्याखाली अर्ध्या तासात काम निसटते, तर आषाढात सकाळी उघडलेले कातडे दुपारपर्यंत ओलेच राहते. दमट हवेत गुंडाळून ठेवलेल्या कातड्यावर दोन दिवसांत बुरशी येते. त्यावर ओव्याच्या सत्त्वाचा, म्हणजे थायमॉलचा, उपयोग होतो. ग्रंथालयांतही बुरशीवर त्याची धुरी दिली जात असे.

पाण्याच्या शुद्धतेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळसर काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई व रंग करण्याची जुनी कृती याच तत्त्वावर आधारलेली आहे. जुन्या चाळीतील गंजलेल्या नळाचे पाणी, लोखंडी घमेले, गंज चढलेली आरी यांपैकी कशाचाही स्पर्श ओल्या कातड्याला झाला की त्यावर काळे डाग पडतात. लिंबाच्या रसाने ते फिके होतात, पण पूर्णपणे जातीलच असे नाही. काचेचे किंवा प्लास्टिकचे भांडे आणि गाळून निवळलेले पाणी वापरणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

ठसा आणि रेषा

वहीच्या वेष्टनासाठी दोन प्रकारचे कातडे विचारात येते. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे गाईबैलाचे किंवा म्हशीचे कातडे पुठ्ठ्याशिवायही वेष्टन होऊ शकते. त्यावर चाकूने जाडीच्या एक-तृतीयांशापर्यंत रेघ कापून तिच्या एका बाजूचा भाग ठशाने खाली दाबता येतो, आणि आकृती उठून दिसते. म्हशीच्या कातड्याचा दाणा भरड असल्याने त्यावर बारीक नक्षी हरवते, मात्र ठळक भौमितिक आकृत्या चांगल्या उठतात. शेळीमेंढीचे पातळ कातडे मात्र कापू नये. ते एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते, आणि पुठ्ठ्यावर चढविताना कडा रापीने आणखी पातळ कराव्या लागतात. त्यावर बोथट टोकाच्या सळईने रेषा दाबतात, मग उलट्या बाजूने आकृती फुगवितात. शांतिनिकेतनच्या चर्मवस्तूंमध्ये हीच रीत दिसते. रथींद्रनाथ टागोर व प्रतिमादेवी यांनी युरोपातून आणलेले हे कौशल्य श्रीनिकेतनच्या कार्यशाळांतून रुजले आणि त्या वस्तूंना पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांसाठी वापरले जाणारे ‘ई. आय.’ कातडे, म्हणजे दक्षिणेत वनस्पतींत कमावलेले शेळीमेंढीचे कातडे, हा या लेखातील एक महत्त्वाचा धागा असून त्याचा विचार पुढे येईल.

ठशाखाली पृष्ठभाग कठीण हवा. संगमरवरी फरशीचा तुकडा त्यासाठी उत्तम, आणि फरशीच्या दुकानाबाहेर तो फुकटात मिळतो. मोगरीचा घाव एकच व सरळ असावा, कारण दुसऱ्या घावाला ठसा तिळभर हलतो आणि दुहेरी कड येते. काम चालू असता कातडे ताणून लांबते. मागच्या बाजूला चिकटपट्टी किंवा कागद लावून ठेवल्यास ते आटोक्यात राहते. तसे न केल्यास वेष्टन पानांपेक्षा मोठे भरते आणि कापताना नक्षीची चौकट एका बाजूने जाते.

बाइंडरांची परंपरागत रीत याहून वेगळी आहे. तेथे कातडे आधी पुठ्ठ्यावर चढते, आणि मग ओलसर पृष्ठभागावर तापविलेला पितळी ठसा क्षणभर टेकविला जातो. उष्णतेने ओल्या कातड्याचा रंग त्या जागी गडद होतो आणि सोन्याशिवायही आकृती उठून दिसते. मात्र आकसण्याची मर्यादा येथे लक्षात ठेवावी लागते. ओले कातडे त्या मर्यादेपलीकडे तापले की तंतू वितळल्यासारखे आखडतात आणि ती जागा कडक व ठिसूळ होते. म्हणून ठसा आधी ओल्या फडक्यावर टेकवून पाहतात. जोराने चुरचुरला तर तो अजून फार गरम आहे असे समजावे.

रंगविणे

रंग देण्याआधी ठसे उठविलेले कातडे पूर्ण वाळू द्यावे. उन्हात वाळवू नये, कारण पृष्ठभाग आधी आखडून तडकतो. वाळल्यावर हातांच्या तेलकट डागांवर रंग धरत नाही, म्हणून सौम्य लिंबूपाण्याने पुसून घेण्याची पद्धत आहे. पाण्यात विरघळणारा रंग खोल जातो, पण पुन्हा ओल लागली की सुटतो. स्पिरिटमध्ये विरघळणारा झटपट वाळतो, पण ब्रशाचे पट्टे राहतात. दोहोंतही एकदम गडद रंग देण्याऐवजी पातळ रंगाचे तीनचार हात वेगवेगळ्या दिशांनी द्यावेत. ठशाने दाबलेल्या जागी तंतू घट्ट बसलेले असल्याने रंग तेथे कमी शिरतो आणि उंच भागात अधिक. नक्षीला आपोआप येणारी छाया यातूनच निर्माण होते.

वहीचे वेष्टन सतत हातात असते आणि मुंबईचा हात वर्षातील बहुतेक महिने घामेजलेला असतो. रंग बोटांना व कपड्यांना लागू नये म्हणून कोरड्या फडक्याने घासून सुटा रंग काढावा आणि मग मेण किंवा लाखेचा पातळ थर द्यावा. रंगांच्या निवडीतही सावधगिरी हवी. शरीरात गेल्यावर ज्यांच्यापासून घातक अमाइन द्रव्ये सुटतात असे काही अॅझो रंग जर्मनीने १९९० च्या दशकात निषिद्ध केले. या निर्बंधाचा भारतीय कातडी निर्यातीला मोठा धक्का बसला, आणि १९९७ मध्ये भारत सरकारनेही असे ११२ रंग बंद केले. खुल्या बाजारात नावनिशी नसलेल्या पुड्यांत मिळणारा रंग हातात धरण्याच्या वस्तूला वापरू नये, तो कितीही स्वस्त असो.

सर्वांत सोपा काळा रंग मात्र कोणत्याही पुडीशिवाय मिळतो. लोखंडी खिळे व्हिनेगरमध्ये ठेवून आलेले पाणी किंवा हिराकशीचे द्रावण वनस्पतीच्या कातड्यावर फिरविले की क्षणात ते काळे होते, आणि हा काळा रंग पाण्याने जात नाही. पाण्याच्या संदर्भात जो दोष म्हणून सांगितला तोच येथे उपाय ठरतो. परंतु त्याची किंमत पुढच्या पिढीला द्यावी लागते. लोहाचे अवशेष हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने कातड्याचे तंतू हळूहळू जाळत राहतात. दोन वर्षांच्या दैनंदिनीला हा रंग चालेल, पण जपून ठेवण्याच्या ग्रंथाला तो देऊ नये.

हाच न्याय खळीलाही लागू पडतो. भारतीय बाइंडर कणकेच्या खळीत झुरळे व कसर यांच्या भीतीने मोरचूद घालत आले. मोरचूद म्हणजे तांब्याचा सल्फेट. तो आम्लधर्मी असतो, आणि त्यातील तांबे लोहाप्रमाणेच कातड्याची झीज वाढविते. कीटकापासून वाचलेले पुस्तक असे आतून झिजते.

तांबडी भुकटी

जुन्या ग्रंथालयात कातडी बांधणीचे पुस्तक हाती घेतले की बोटांना तांबूस भुकटी लागते, हा अनुभव दक्षिण मुंबईपासून दादरपर्यंतच्या अनेक वाचकांचा असेल. कातड्याला लागलेला हा रोग आहे. कातडे सल्फर डायऑक्साइड शोषून घेते आणि त्यापासून आत सल्फ्युरिक आम्ल तयार होते. ते टॅनिन व कोलॅजेन दोघांनाही तोडते. सामू तीनच्या खाली गेला की कातडे भुकटी होऊ लागते आणि त्यानंतर तेल किंवा मलम चोळून काही उपयोग होत नाही.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही तक्रार फार वाढली. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने नेमलेल्या समितीने १९०५ मध्ये बांधणीच्या कातड्यावरील आपला पूर्ण अहवाल प्रसिद्ध केला. तिने टॅनिनचे दोन गट वेगळे करून दाखविले. एका गटातील टॅनिनने कमावलेले कातडे दूषित हवेत बरेच टिकते. सुमाक आणि हिरडा या गटात मोडतात. दुसऱ्या गटातील टॅनिनचे कातडे लवकर तांबडे होऊन झडते. तरवडाची साल या गटातील, आणि हिंदुस्थानातून तरवडात कमावून जाणारी शेळीमेंढीची स्वस्त कातडी समितीने पुस्तक बांधणीसाठी अत्यंत निकृष्ट ठरविली. बाभळीची सालही मुख्यतः याच गटात येते, तिच्या शेंगा मात्र पहिल्या गटाकडे झुकतात.

या निष्कर्षाचा मुंबईशी निकटचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धारावीत कमाईखाने काढणारे व्यापारी व कामगार मुख्यतः तमिळ प्रदेशातून आले होते. तरवडाची कमाई ही त्यांच्या मुलखातील परंपरा होती, आणि विसाव्या शतकात तरवडाची जागा मोठ्या प्रमाणावर आयात वॅटल सालीने घेतली तरी टॅनिनचा गट बदलला नाही. दुसरीकडे सह्याद्रीतील हिरडा पश्चिम किनाऱ्यावरून इंग्लंडला जात होता आणि तेथील व्यापारात त्याची एक प्रत वेंगुर्ल्याच्याच नावाने ओळखली जात होती. टिकाऊ कमाईचे द्रव्य जहाजावर चढत होते आणि झडणारे कातडे पुस्तकावर चढण्याचा संभव मोठा होता. हवेची बाजूही विचारात घ्यावी लागते. परळ-लालबागच्या गिरण्यांची धुराडी दशकानुदशके दगडी कोळशाचा धूर सोडीत होती. टाटांची जलविद्युत १९१५ पासून गिरण्यांना मिळू लागली, तरी धूर एकाएकी थांबला नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ ची. गिरणगावच्या उंबरठ्यावर दादरला ग्रंथसंग्रह उभा राहत असता त्याच्या भोवतालची हवा अशी होती.

वही करणाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. ‘व्हेजिटेबल टॅन’ एवढ्या शब्दांवर समाधान न मानता कातडे कशात कमावले हे विक्रेत्याला विचारावे. हिरड्याचे प्रमाण जास्त असलेले कातडे ठसाही घेते आणि टिकतेही. सिद्ध कातड्याला पोटॅशियम लॅक्टेटचे सौम्य द्रावण लावल्यास आम्लाला काही काळ अटकाव होतो. हा उपाय इंग्लंडमध्ये रूढ झाला होता. वर ज्याचा निर्देश केला ते ‘ई. आय.’ कातडे ठशासाठी उत्कृष्ट असले तरी ते तीस-चाळीस वर्षे टिकवायच्या ग्रंथापेक्षा नित्य वापरून संपणाऱ्या वहीलाच अधिक योग्य होय.

मुंबईतील पुरवठा

गिरणगावात कातड्याची मागणी एके काळी वह्यांपेक्षा यंत्रांची होती. शाफ्टवरून मागांना गती देणारे पट्टे, धोट्याला तडाखा देणारे म्हशीच्या कातड्याचे पिकर, सूत खेचणाऱ्या रोलरांवर चढविलेले मेंढीचे गुळगुळीत कातडे, अशा अनेक वस्तू गिरणीच्या भांडारात लागत. वनस्पतींत कमावलेल्या घट्ट कातड्याला शहरातच गिऱ्हाईक होते. पुढे प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटार आली, रोलरांवर कृत्रिम रबर आले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या. वही बांधणारा बाइंडर हा या बाजारातील किरकोळ गिऱ्हाईक होता. मोठे गिऱ्हाईक गेल्यावर त्याच्यासाठी अशी कातडी ठेवणे दुकानदाराला परवडेना.

कमाईखानेही शहरात राहिले नाहीत. वांद्र्याचा कत्तलखाना १९७० च्या दशकाच्या आरंभी देवनारला गेला, आणि त्यानंतरच्या काळात प्रदूषणाच्या कारणावरून धारावीतील कमाई क्रमशः बंद झाली. तेथे शिलाईचे आणि वस्तू घडविण्याचे काम उरले, आणि कातडे चेन्नई, कानपूर, कोलकाता येथून येऊ लागले. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमातील दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये अमलात आली आणि १९७६ पासून गाईपुरती असलेली कत्तलबंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली. म्हैस, शेळी व मेंढी यांना ती लागू नाही. तरीही कातड्याची वाहतूक करणाऱ्याला रस्त्यात आपला माल कोणत्या जनावराचा आहे हे सिद्ध करावे लागण्याची धास्ती राहिली, आणि लहान कारागिरांपैकी अनेकांनी रेक्झिनकडे मोर्चा वळविला. सुधीर राजभर यांनी धारावीतील कारागिरांसह उभारलेल्या ‘चमार स्टुडिओ’ने कातड्याऐवजी पुनर्वापरातील रबर घेतले, आणि जातिवाचक म्हणून हिणवला गेलेला शब्दच उत्पादनाचे नाव म्हणून मिरविला.

रबरावर अथवा रेक्झिनवर ठसा उमटतो तो यंत्राच्या उष्णतेने. पाण्याने भिजवून, वाट पाहून, हाताने दाबण्याची क्रिया त्यावर शक्य नाही. अशा कामासाठी आज मुंबईतील कारागिरापुढे व्यवहार्य पर्याय दोन आहेत : दक्षिणेतील वनस्पतींत कमावलेले शेळीचे कातडे, किंवा कोल्हापूर-सांगली-सोलापूर पट्ट्यातील, चपलांसाठी बाभूळ-हिरड्यात कमावले जाणारे म्हशीचे कातडे. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि वनस्पतींची कमाई हे तिचे एक ओळखलक्षण आहे. हे कातडे तळव्यासाठी जाड ठेवलेले असते. वहीसाठी ते चिरून दीड मिलिमीटरवर आणावे लागते, आणि चिरण्याचे यंत्र प्रत्येक गावी नसते. शिवाय तेलाचे प्रमाण वहीच्या कामापेक्षा अधिक असल्यामुळे पुठ्ठ्याला चिकटविण्यापूर्वी मागची बाजू रापीने खरवडून खळ दोनदा लावावी लागते. ओले कातडे पुठ्ठ्यावर वाळताना आखडून पुठ्ठा बाहेर वाकवते. आतल्या बाजूने तेवढ्याच ओलीचा जाड कागद चिकटवून वही दोन फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवल्यास ती सरळ राहते. पावसाळ्यात त्यासाठी तीन ते चार दिवस धरावेत, आणि मधला टिपकागद रोज बदलावा.